माहेरचा फोन, सासरचा फोन

ढब्बूने आईचा फोन फरशी पुसायच्या बादलीत टाकला, त्यात ढब्बूची काहीही चूक नव्हती यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. ढब्बू अजून वर्षाचाही नव्हता. त्या वयात माणूस कुठलीही वस्तू दोनच प्रकारांनी तपासतो, तोंडात घालून नाहीतर फेकून. फोन आदल्या दिवशीच तोंडात घालून झाला होता. चूक असलीच तर फोन बादलीशेजारच्या स्टुलावर ठेवणाऱ्या व्यक्तीची होती. सासूबाई तसं म्हणाल्या मात्र नाहीत. त्या नुसत्या स्टुलाकडे बघत राहिल्या.

फोन वाचला, पण अर्धाच. पडद्याची डावी बाजू पूर्वीसारखी शहाण्यासारखी वागत होती, उजवी ठार बहिरी झाली होती. उजवीकडे बोट दाबा, घासा, आपटा, काही फरक नाही. फोन आलेला दिसायचा, पण उचलायचं बटण उजवीकडे. कापायचं डावीकडे. त्यामुळे ढब्बूच्या आईने त्या दिवशी स्वतःच्या सख्ख्या मावशीसकट सगळ्यांचे फोन कापले. ज्या चष्म्याच्या दुकानात ती डोळ्यांचे नंबर काढायची, तिथल्या मालकांचा निरोप आला, ‘सोमवारपासून नक्की येताय ना?’ उत्तर लिहायला लागणारी निम्मी अक्षरं बहिऱ्या बाजूला होती. शेवटी डावीकडे हाताला लागलं ते एक चित्र तिने पाठवलं. ते निवडुंगाचं निघालं. मालकांनी विचारलं, ‘काही नाराजी आहे का?’

सोमवार. सगळी गोम त्या सोमवारात होती. बाळंतपणाची रजा संपली होती, वाढवून घेतलेली संपली होती, आणि त्यानंतर मालकांच्या चांगुलपणावर काढलेलीही संपत होती. ढब्बूला सासूबाई सांभाळणार होत्या. भरवणं, आंघोळ, रडारड, सगळं त्यांना जमत होतं. एकच गोष्ट जमत नव्हती. सकाळच्या आंघोळीनंतर ढब्बू झोपायचा तो फक्त जुन्या वॉशिंग मशीनच्या आवाजावर.

ते मशीन कधीच भंगारात गेलं होतं. जायच्या आधी, कपडे पिळताना ते जो काही आवाज करायचं, त्यावर ढब्बू असा गाढ झोपायचा की ढब्बूच्या आईने तो आवाज फोनमध्ये भरून घेतला होता. नवं मशीन आलं ते इतकं सुसंस्कृत की चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागे. सासऱ्यांनी जाहिरात वाचून, खास आवाज न करणारं म्हणून ते निवडलं होतं. आता नातवासाठी ते कधीकधी त्याच्या आत दोन जुने बूट टाकून बघत, पण ती मजा नाही.

म्हणजे सोमवारपर्यंत एक धड फोन हवा होता आणि, दिवसा तो सासूबाईंपाशी राहणार म्हणून, त्यात ते वॉशिंग मशीन हवं होतं. बास. एवढंच काम होतं.

पण आपल्याकडे फोनचं काम एवढंसं कधी राहत नाही. ढब्बूच्या बाबाचं म्हणणं पडलं की फोन घ्यायचा तर अँड्रॉइडच. “मोकळा फोन असतो गं. आपल्याला हवं तसं करता येतं.” हे तो अशा आवेशात म्हणाला की जणू त्याने आजवर त्या फोनमध्ये हवं तसं काही केलं होतं. त्याच्या पडद्यावर अजून दुकानातून आलेलं डोंगराचं चित्र होतं. ढब्बूची आत्या पक्की आयफोनवाली. तिचं म्हणणं, “वहिनी, तुला हवं तसं करायला वेळ कुठे आहे? त्यात काही करावंच लागत नाही. आपोआप होतं सगळं.” बहीणभावाचं यावरून असं वाजलं की सासूबाईंना मध्ये पडून सांगावं लागलं, “लहानपणी खिडकीच्या जागेवरून भांडायचात, तेव्हा निदान खिडकी तरी दिसत होती.”

वरच्या मजल्यावर टॉवरकाका राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली, पण इमारतीत कोणाच्याही फोनला काही झालं की त्यांना आतून कळतं आणि ते चपला न घालता खाली येतात. ते म्हणाले, “फोन कुठला याला काही अर्थ नाही. टॉवर कुठे आहे ते सांगा.” मग त्यांनी सगळ्यांना गॅलरीत नेऊन टॉवर दाखवला. सगळ्यांनी बघितला. परत आत आले.

ढब्बूच्या आईला खरं तर यातलं काहीच नवं नव्हतं. दिवसभर तिचं कामच ते होतं. समोर माणूस बसवायचा, डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, “ही बरी, की ही?” तिचा अनुभव असा, की माणसं बहुतेक वेळा दुसरी म्हणतात. दुसरी बरी दिसते म्हणून नाही, तर एवढ्या कष्टाने बदलली आहे तर बरी असणारच, म्हणून. आणि फार वेळा विचारलं की चिडून म्हणतात, “बाई, दोन्ही सारख्या. तुम्हीच ठरवा.” ती तशीच थकून म्हणाली, “तुम्हीच ठरवा काय ते.”

आत्याने ठरवलं. तिने स्वतःसाठी नवा घेतला होता, म्हणून जुना आयफोन शनिवारी सकाळी डब्यासकट आणून वहिनीच्या हातात ठेवला. फुकट मिळालेल्या आणि त्यातून नणंदेने दिलेल्या वस्तूला नको म्हणायची सोय कुठल्याही घरात नसते. ढब्बूच्या बाबाने फोनकडे असं बघितलं, जसं माणूस बायकोच्या कॉलेजातल्या मित्राकडे बघतो.

आत्याने एका बैठकीत जुन्यातली नावं आणि नंबर नव्यात आणले, फोटो आणले, सिमकार्ड बदललं आणि “बघ, काही करावं लागलं का?” असं म्हणून निघून गेली. वॉशिंग मशीन तेवढं आलं नाही. जुन्या फोनमध्ये जागा होत नव्हती म्हणून ढब्बूच्या बाबाने ते मागेच ‘वर’ पाठवलं होतं. वर म्हणजे नेटवरच्या खात्यात. जुना फोन ते तिथूनच ओढून वाजवायचा; बाकीच्यांच्या फोनांतून त्याचा आवाज फुसका यायचा. त्याचं बटण दैवयोगाने डावीकडे होतं, म्हणून गाडं चाललं होतं, पण डावी बाजूही कधी बहिरी होईल याचा नेम नव्हता.

आता या खात्याबद्दल सांगायला हवं. बाकीच्या जगात दर माणशी एक खातं असतं. या घरात सगळ्यांत मिळून एक होतं. “घरात गॅस एक, पाण्याची टाकी एक, मग खाती चार कशाला?” असं म्हणून सासऱ्यांनी एकच उघडलं होतं, आणि घरात येणारा प्रत्येक फोन, येणाऱ्या सुनेच्या फोनसकट, त्याच खात्यात नांदत होता. परिणाम असा, की सगळ्यांचे फोटो आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे. नव्या फोनने तर आल्याआल्या, कोणी न सांगता, त्या फोटोंचा एक छोटा सिनेमा करून व्हायोलिनसकट दाखवला. नाव ‘गोड क्षण’. त्यात आधी ढब्बूचा पहिला दात, मग सासऱ्यांनी प्लंबरला दाखवायला काढलेला गळका व्हॉल्व्ह, मग ढब्बू हसताना, मग विजेचं मीटर, मग सासऱ्यांच्या गुडघ्यावरचं पुरळ, अगदी जवळून. सासरे दोनदा बघून म्हणाले, “व्हॉल्व्ह फार छान आलाय.”

फोटोंचं एक वेळ ठीक होतं. नंबरांनी मात्र घात केला.

शनिवारी दुपारी सासूबाई भाजीला खाली गेल्या. ढब्बू स्वतःच्या पायाचा अंगठा खाण्यात गुंतला होता. ढब्बूची आई फोन घेऊन गॅलरीत गेली. सकाळपासून तिला त्या फोनने इतकं हैराण केलं होतं की कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. जुन्या फोनवर तिच्या आईचा फोटो पहिल्याच पडद्यावर होता, नाव वाचायची वेळच यायची नाही. इथे नुसती नावं. तिने ‘आई’ दाबलं.

“आई, बोलू ना? एकटी आहेस ना तू?”

“हं,” पलीकडून आवाज आला. मागे रस्त्याची बरीच गडबड होती.

“अगं, ताईंचा फोन वापरतेय सकाळपासून. काय सांगू तुला! माझा जुना फोन म्हणजे माहेर होतं गं माझं. कुठलंही कपाट उघडा, काहीही कुठेही टाका, पसारा करा, कोणी विचारणार नाही. हा फोन म्हणजे सासर आहे शुद्ध. दिसायला देखणं, सगळं कसं जागच्या जागी, पण आपल्या मनाने म्हणून काही करायचं नाही. सारखी परवानगी. आणि एकदा आत शिरलं की मागे फिरायला बटणच नाही! वर हे सगळं आपल्याच भल्यासाठी, बरं का. ऐकतेयस ना?”

पलीकडे कोणाला तरी “पाव किलो पुरे” असं सांगितलं गेलं. मग आवाज आला, “मागे फिरायला डाव्या कडेवरून बोट सरकवायचं. ताईने शिकवलंय मला. आणि एकटी नाहीये मी, भाजीवाल्यापाशी आहे.”

पडद्यावर ‘आई’ अशी दोन नावं होती. एक तिने घातलेलं, एक तिच्या नवऱ्याने. तिची स्वतःची आई हवी असती तर सरळ, नवऱ्याने घातलेल्या ‘सासूबाई’वर दाबायला हवं होतं. ही अक्कल तिला गॅलरीतच, उन्हात उभं राहून आली.

सासूबाई परत आल्या. पिशवी ठेवली, हातपाय धुतले. मग स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं एकामागून एक उघडत गेल्या. वरची, खालची, ओट्याखालचीसुद्धा. सगळी सताड उघडी टाकून म्हणाल्या, “बघ गं, हवं ते कपाट. परवानगी नको.” आणि ढब्बूला कडेवर घेऊन बाहेर जाऊन बसल्या. ढब्बूची आई त्या उघड्या कपाटांपुढे किती तरी वेळ उभी राहिली. शेवटी तिने ती एकेक करून लावली. ओट्याखालचं नीट लागेना, त्यावर तिला रडू आलं.

रविवारी सकाळी ढब्बूच्या बाबाने बाह्या सरसावल्या. “वॉशिंग मशीन मी आणतो. तुमच्या आपोआपवाल्याला जमलं नाही ना? मग.” दोन्ही फोन त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडले. नव्या फोनमध्ये सगळ्यांचं ते खातं उघडायला घेतलं. खात्याला एकदम संशय आला. इतकी वर्षं एका जातीच्या फोनमधून येणारी ही मंडळी आज भलत्याच फोनमधून कशी आली? त्याने जुन्या फोनवर विचारणा पाठवली. नव्या फोनमधून शिरणारे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं होती. उजवीकडे ‘हो, मीच’. डावीकडे ‘नाही, मी नाही’.

उजवीकडे.

“अरे देवा,” ढब्बूची आई म्हणाली.

“थांब, होईल,” तो म्हणाला. त्याने बटण दाबलं. नखाने दाबलं. फडक्याने पुसून दाबलं. फुंकर मारली. सासरे म्हणाले, “जरा उन्हात ठेवून बघ.” सासूबाई म्हणाल्या, “अंगठ्याने दाब, अंगठ्यात जोर असतो.” त्याने अंगठ्याने दाबलं. अंगठ्यात जोर होताच. तो सरकत सरकत डावीकडे गेला आणि थांबला.

‘नाही, मी नाही.’

जुन्या फोनने कळवळ्याने आभार मानले. चोर वेळेवर ओळखल्याबद्दल कौतुक केलं. आणि सगळ्या घराला, सगळ्या फोनांवरून, एकदमच खात्याबाहेर काढलं आणि खात्याला कुलूप लावलं. सासऱ्यांच्या फोनवर ठणठण वाजलं, सासूबाईंच्या वाजलं. वॉशिंग मशीन वर अडकलं ते अडकलंच.

नेमके तेव्हा टॉवरकाका दारात उभे. आतून कळलं असणार. सगळं ऐकून त्यांनी जुना फोन हातात घेतला, आडवा केला, उलटा केला. पडद्यावरचं सगळं त्याबरोबर फिरलं.

“आडवा धरायचा ना,” ते म्हणाले. “फिरवून धरलात की बटण येतं चांगल्या बाजूला.”

ढब्बूच्या बाबाने फोनकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. एवढ्या वर्षांच्या संसारात ढब्बूच्या आईला त्याची अशी दया कधी आली नव्हती. चिडायला तिच्याकडे ताकद उरली असती, तर ती दयेच्या ऐवजी चिडलीच असती.

ढब्बूची आंघोळ झाली. झोपेची वेळ झाली. ढब्बू तयार होता, मशीन नव्हतं.

आत्याने फोनवरून सांगितलं, “वहिनी, नेटवर शेकड्याने वॉशिंग मशीनचे आवाज आहेत. लाव कुठलाही.” लावले. ढब्बूने प्रत्येक मशीन ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला नाकारलं. एक फार गुळगुळीत होतं, एकात मध्येच पक्षी बोलत होते. त्यांचं मशीन फेऱ्याफेऱ्याला एक गचका खायचं, कारण त्याचा एक पाय फरशीच्या खड्ड्यात होता. तो खड्डा जगात दुसरीकडे कुठे मिळणार? सासऱ्यांनी तोंडाने आवाज काढून पाहिला. हुबेहूब काढला, गचक्यासकट. ढब्बूला तो इतका आवडला की झोप उडून तो टाळ्या वाजवायला लागला.

मग रडायला लागला. आधी हट्टाने, मग खरं खरं. ढब्बूच्या आईने घेतला, बाबाने घेतला, पुन्हा तिने घेतला. तिच्या खांद्यावर डोकं घासत तो असा थकून रडत होता की तिला वाटलं, राहू दे ते दुकान. उद्या मालकांना आणखी एक निवडुंग पाठवून द्यावा आणि विषय संपवावा.

“नाही जमणार मला उद्या जायला,” ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावरून ढब्बूला उचललं नाही, नुसती तिची घामेजलेली बट कानामागे सारली. “जायचं,” त्या म्हणाल्या. “मी नाही गेले. शाळेतली नोकरी होती माझी, ढब्बूचा बाबा झाला आणि सोडली. माझ्या सासरी उघडायला कपाटं होती, पण किल्ली कुणाकडे मागायची तेच कधी कळलं नाही.” मग जरा थांबून, “तू जायचंस.”

ती काही बोलणार, तेवढ्यात सासरे उठले. खातं त्यांच्या नावावर होतं. इतका वेळ ते मागे होते, आता त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि त्या खात्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना साक्षीदार राहता येईल.

पलीकडे आधी एक बाई बोलली. माणूस नव्हे, भरून ठेवलेली. “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यग्र आहेत. कृपया प्रतीक्षा करा.” मग एक सूर, टिंग टुंग, टिंग टुंग, ना गाणं ना घंटा. मग पुन्हा तीच बाई, त्याच चढउतारांनी, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे…”

सासरे पहिल्यांदा म्हणाले, “काय हा प्रकार.” दुसऱ्यांदा म्हणाले, “लोकांना काही कामं असतात की नाही?” त्यानंतर कितव्यांदा तरी ते बोलायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी हात वर केला.

ढब्बू रडत नव्हता.

तो तिच्या खांद्यावर गाल टेकून फोनकडे बघत होता. टिंग टुंग. पापणी एकदा खाली आली. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पापणी वर गेली, पण अर्धीच. कृपया प्रतीक्षा करा. ढब्बूने प्रतीक्षा केली. टिंग टुंग, टिंग टुंग. त्याची मूठ तिच्या पाठीवर सैल झाली आणि त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला.

कोणी हललं नाही. टॉवरकाका दारात एका पायावर उभे होते, तसेच राहिले. ढब्बूचा बाबा पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन थांबला होता.

आणि मग खट् झालं. टिंग टुंग बंद पडलं. “नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?” एक खरीखुरी, उत्साही मुलगी बोलली.

ढब्बू दचकला. ओठ वाकडा झाला.

सासरे झटकन फोनवर वाकले. आयुष्यभर ते मोठ्याने बोलत आले होते, टेलिफोनवर तर जास्तच. आज पहिल्यांदा ते कुजबुजले, “बाई, एक विनंती आहे. आम्हाला परत रांगेत लावता का?”

“सॉरी सर, काय म्हणालात?”

“परत प्रतीक्षेत. मघाशी होतो तिथे. आमचं बाळ झोपतंय.”

मग ती मुलगीही कुजबुजली, “किती महिन्यांचं?”

“दहावा लागलाय.”

“लावते, सर. पण तुमची तक्रार काय होती?”

“ती राहू दे आता. उद्या पुन्हा याच वेळेला फोन करू आम्ही. सून कामावर जाणार आहे उद्यापासून.”

“सर, उद्या सोमवार ना,” ती मुलगी ओशाळून म्हणाली, “सोमवारी आमच्याकडे फार गर्दी असते. तुम्हाला खूप वेळ थांबावं लागेल.”

सासऱ्यांनी वळून सुनेकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की एवढ्या दिवसांत तसा कोणी बघितला नव्हता.

“चालेल,” ते म्हणाले. “अगदी चालेल.”